पीळ

शुक्रवारी आरोग्यकेंद्र बंद असतं.
मी जुवैनाच्या अंगणात जाते, रुस्ताकच्या पुढे,
जिथे डांबर संपतं आणि फलज सुरू होतो:
हातभर रुंदीचं पाणी, डोंगरातून आलेलं,
खजुरीच्या बुंध्यांना पाळीपाळीनं भेटणारं.
त्यात रात्रभर भिजलेली पानं
ती बाहेर काढते, झटकते,
नखानं उभी चिरते.
बाळंतपणात तिचा हात मी धरला होता.
आता ती माझा धरते.

एक वरून, एक खालून, कड दुमडून आत.
बघायला नुसती वेणी. घालायला घेतली
की सातवं पान कुठे जातं कळत नाही.
तिची रय्या, वय वर्षं नऊ, गणितात कच्ची,
माझी वीतभर पट्टी हातात घेते,
काही न बोलता उसवते, परत देते.
"श्वय श्वय," म्हणते. हळूहळू.
आणि मी, शिरा सापडत नाहीत अशा म्हाताऱ्यांनाही
पहिल्या टोचणीत सलाईन लावणारी,
मान खाली घालून पुन्हा सात पानं मोजते.

मध्येच उठून रखाल करायची.
तापल्या तव्यावर ओलं पीठ तळव्यानं फिरवायचं,
पातळ, अजून पातळ,
हात भाजायच्या आधी उचलायचा.
माझी रखाल तव्यालाच धरून बसते.
रय्या ती उलथन्यानं खरवडते,
मध लावून एकटीच संपवते.

पाचव्या का सहाव्या शुक्रवारी
जुवैनानं बुंध्यावरचा काथ्या पुढ्यात टाकला.
टोपलीला कान हवेत, कानांना दोरी.
मी पाय लांब केला,
दोन पेड मांडीवर ठेवले,
तळवा पुढे गेला, मागे आला,
आणि दोरी झाली.
कशी करायची हे विचारायच्या आत झाली.
जुवैनाचा कहवा ओठापाशीच थांबला.
"कोणी शिकवलं?"
"कोणी नाही."

हे खरंच आहे.
आई शिंदीचे फडे बांधायची औशाच्या बाजारासाठी,
पोळ्याच्या आधी दावी, कासरे, वेसणी.
मी जवळ टेकले की पाठीत धपाटा:
"ऊठ. पुस्तक घे. ह्याला हात लावायचा न्हाई."
दिवाळीला त्याच फड्याला लोक हळदकुंकू वाहायचे
आणि आईच्या पदरात ज्वारी टाकायचे,
वरून, जरा लांबून.
तिनं माझे हात राखले.
डोळे राखायचे तेवढे राहून गेले.

इथे जुवैनाची टोपली बैठकीत असते,
खजुरांनी भरलेली, पाहुण्यांच्या मधोमध.
कुणी विचारलं, कुणाच्या हातची,
तर तिचा नवरा "माझ्या घरची" म्हणून सांगतो,
मोठ्यानं, दुसऱ्यांदाही.
ते ऐकताना दर वेळी
माझ्या बोटांना पानांची धार नव्यानं लागते.

रात्री आईला व्हिडिओ पाठवला:
मांडी, तळवा, दोरी. चेहरा नाही घेतला.
दोन निळ्या खुणा. मग काहीच नाही.
शनिवार गेला.
रविवारी ड्युटीवर, ड्रेसिंगच्या ट्रेपाशी,
खिशात फोन थरथरला.
आईचा आवाज, मागे कोंबड्या:

"कशाला घेतलीस गं ते हातात?"

मग बराच वेळ नुसत्या कोंबड्या.

"आन् पीळ उलटा पडायलाय.
डाव्या हातानं ताण धर की."